शेलबारीचा चढ

नवऱ्याचा, प्रेमराजचा, फोन आला तेव्हा सारिका एका ट्रकच्या पोटाखाली उताणी पडून सायलेन्सरवरचा सेन्सर सोडवत होती. धुळ्याबाहेरच्या त्या वर्कशॉपमध्ये नव्या गाड्यांच्या धुराची यंत्रणा बघणारी ती एकटीच होती. हात काळे झालेले, म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि छातीवर ठेवला.

"सारिका, युरियाचा काटा पार खाली पडलाय," प्रेमराज सांगत होता. "जेवायला थांबलो तोवर ठीक होता. आता गाडी वीसच्या वर जायलाच तयार नाही. शेलबारीच्या चढाला लागलोय."

"असं कसं होईल? काल मीच टाकी काठोकाठ भरली. तुम्ही जिथे आहात तिथेच गाडी उभी करा."

"चढावर कुठे उभी करू? मागे तूरडाळ भरलीये. रांगत रांगत वर जातो, मग बघू." मग त्याचा आवाज बदलला. "थांब जरा. आरशात दिसतंय, मागे कोणीतरी चढलंय. ताडपत्री फाडली. अरे, डाळीचे कट्टे खाली टाकताहेत."

"उतरू नका. अहो, ऐका, उतरू नका."

पण हँडब्रेकचा फुस्स आवाज आला, दार आपटलं. फोन त्याने चालूच शर्टाच्या खिशात टाकला होता. सारिकाला त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग धावणं, मग लोखंडाचा हाडावर बसणारा आवाज. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. एकदा, पुन्हा, पुन्हा. प्रेमराज पहिल्या घावाला ओरडला, दुसऱ्याला कण्हला आणि नंतर त्याचा आवाजच आला नाही. मारणारा मात्र धापा टाकत मारतच होता. मग दुसरंच कोणीतरी, कोवळ्या आवाजात, रडकुंडीला येऊन म्हणालं, "बस, पुरं. मरी जाई तो. पुरं कर."

ट्रकखाली पडल्यापडल्या सारिका किंचाळत होती. वर्कशॉपमधल्या लोकांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं.

प्रेमराज मेला नाही. ताहाराबादकडून येणाऱ्या एका जीपवाल्याने त्याला रस्त्याच्या कडेला पाहिलं आणि उचललं. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवला, मेंदूवरचं रक्त काढलं. शुद्धीवर आला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी होती आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. आईकडे, वच्छलाबाईंकडे, तो परक्यासारखा बघायचा. सारिकाकडे बघून कधी कधी हसायचा, तेही अर्ध्या तोंडाने.

त्याचे वडील रुपचंद नाना पस्तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेले. उंच, हाडांचा माणूस, भुवया अजून काळ्या. पोराच्या खाटेशी ते दिवसदिवस उभे राहायचे, बसायचे नाहीत. एकदा सारिका प्रेमराजचं तोंड पुसत असताना ते तिच्याकडे न बघता बोलले.

"त्या येळले बायपास करू दिन्हा असता तू, तर गाडी वीसवर उनी नसती. मना पोऱ्या निघी गया असता."

सारिकाच्या हातातला रुमाल तिथेच थांबला. बोलणं खोटं नव्हतं.

आताच्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक लहान टाकी असते. तिच्यात युरियाचं पाणी. इंजिनाच्या धुरात डोळ्यांना न दिसणारा एक विषारी वायू असतो. तापलेल्या सायलेन्सरमध्ये हे पाणी फवारलं की त्याचं विष मरतं. टाकी रिकामी झाली की गाडीतला कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग इंजिनाचा दम काढून घेतो, आणि गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की तिला वीसच्या वर जाऊच देत नाही. मालकाने युरियात कंजुषी करू नये म्हणून ही सक्ती. नाना याला "गाडीले मूत पाजनं" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. गाडी नवी घेतली तेव्हा ओळखीतला एकजण बायपासची एक डबी बसवून द्यायला तयार होता. ती बसवली की कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे. युरिया घालायला नको, दिवा नाही, वीसची अट नाही. सारिका आडवी आली होती. ती दीपनगरची, वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली. तिची आई आयुष्यभर राख आणि धूर गिळून शेवटी बसल्या जागी श्वासाला महाग झाली होती. "माझ्या घरची गाडी असला धूर सोडत फिरणार नाही," ती म्हणाली होती. प्रेमराजने तिची बाजू घेतली होती.

ट्रक पोलिसांच्या आवारात उभा होता. जमादाराची परवानगी काढून सारिका टॉर्च घेऊन त्याच्या खाली शिरली. युरियाच्या टाकीला बुडाशी एक बोल्ट असतो, टाकी धुवायची झाली तर पाणी काढून टाकायला. त्या बोल्टाभोवती पांढरी खपली धरली होती, मिठासारखी. युरियाचं पाणी वाळलं की अशीच खपली धरते. बोल्ट हाताने हलत होता. कोणीतरी घाईत उघडला होता आणि घाईतच परत लावला होता.

ती बाहेर आली आणि तिने जमादाराला सगळं समजावून सांगितलं. गाडी आपोआप बंद पडली नव्हती. प्रेमराज जेवायला नेहमीच्या ढाब्यावर थांबला तिथेच कोणीतरी टाकी रिती केली. जेवून त्याने गाडी चालू केली तेव्हाच ती वीसवर आली. चढाला वीसच्या चालीवर असलेल्या ट्रकवर चढणं म्हणजे बैलगाडीवर चढण्यासारखं, आणि मागून पिकअप आणून कट्टे वेचणंही तितकंच सोपं. जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने लिहून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले. "पण ताई, बोल्ट कुणी उघडला हे बोल्ट सांगत नाही," तो म्हणाला. "ढाब्यावर कॅमेरा नाही. कोणाला धरू? काही दिसलं तर मला फोन करा. मी येतो."

घरी येऊन तिने हेच नानांना सांगितलं. नाना अंगणातल्या दगडावर बसून ऐकत होते. मग उठून म्हणाले, "गाडी सोडाड. मी चालावसू. त्याच ढाबावर जेवाले थांबसू."

वच्छलाबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "तुमी एकला जाशात?"

"मी पण जाते, अक्का," सारिका म्हणाली. "मागच्या बर्थवर पडदा ओढून पडेन. ते टाकी उघडतील तेव्हा मोबाइलवर चित्रण करीन. टाकी रिती झाली तरी मी वाटेत भरून घेईन, कॅन बरोबर ठेवते. गाडीचा दम परत येईल, पण आपण वीसनेच चालायचं. ते वर चढले की गाडी पळवायची आणि वरच्या माणसासकट ताहाराबादला न्यायची. जमादार तिथे थांबायला तयार आहे. त्यांना हात लावायचा नाही."

"हात नही लावनं," नाना म्हणाले.

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार होता. नाना खोटं बोलताहेत हे त्यांना कळलं, आणि सारिकाला ते सांगावं की नाही हे ठरवत त्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. शेवटी चुलीपाशी परत गेल्या.

होळी होऊन गेली होती आणि ऊन चढायला लागलं होतं. गाडी ओळखू येऊ नये म्हणून सारिकाने तिच्यावरचं नाव खरवडून ताडपत्री बदलली होती. जळगावच्या मिलमधून डाळ भरून गाडी धुळ्याहून साक्रीकडे निघाली. साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या अलीकडे तो ढाबा. समोर चिंच, बाजूला पत्र्याची पंक्चरची टपरी, मागे बाभळीखाली गाड्या लावायला मोकळी जागा. नानांनी मुद्दाम तिथेच गाडी घातली. सारिका बर्थवर पडद्याआड होती. पडद्याच्या फटीतून तिला खालची माती दिसत होती. बाभळीखाली एका ठिकाणी जमीन पांढरी पडली होती, चुना सांडल्यासारखी, आणि तिथलं गवत जळून गेलं होतं. एका गाडीच्या युरियाने एवढं होत नाही. किती जणांना इथे रितं केलं असेल, कोण जाणे.

ढाब्यावर भाकरी थापणारी बाई कुंदाबाई. नानांना तिने शेवेची भाजी वाढली, वर कांदा फोडून दिला. "दादा, वाटभर ऊन लागी. ताक लेवा," असं म्हणून ताकाचा पेलाही ठेवला. नाना जेवत राहिले. कुंदाबाईचा मुलगा नवल, जेमतेम विशीचा, बारीक मिशांचा, पिकअप पुसत होता. टपरीतला झिपरू, रुंद खांद्यांचा माणूस, हातात बादली आणि पाना घेऊन शीळ घालत गाडीमागून आला. त्याने आजूबाजूला पाहिलंही नाही. सरळ टाकीखाली बसला. बोल्टाचा खरखर आवाज आणि मग बादलीत पडणारी धार सारिकाने पडद्याच्या फटीतून चित्रित केली. तिने मोबाइल दोन्ही तळव्यांत धरला होता.

बादली भरली तशी झिपरूने ती बाभळीखाली ओतली आणि पुन्हा लावली.

नाना आले, गाडी चालू केली. काटा तळाला. ढाबा नजरेआड गेल्यावर एका वळणावर, झाडीच्या आडोशाला त्यांनी गाडी थांबवली. सारिकाने खाली उडी मारली, बोल्ट आवळला, कॅन एकामागून एक टाकीत ओतले. युरिया हातावरून ओघळून गार लागत होता. काटा वर सरकेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. गाडी बंद केली, चालू केली. दिवा विझला.

"आता वीसच्या वर जायचं नाही, नाना."

"हाओ."

तिने जमादाराला फोन केला. तो ताहाराबादच्या नाक्यावर पोचला होता.

शेलबारीचा चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी डोंगर वाळून भगवे झाले होते, पळसाला मात्र फुलं होती. गाडी बैलासारखी चालत होती. दुसऱ्या वळणाला मागे पिकअप दिसली. ती जवळ आली, ट्रकच्या मागे चिकटली, आणि झिपरू तिच्या टपावरून ट्रकच्या मागच्या फाळक्याला लटकला. क्षणात वर. ताडपत्री टरकावण्याचा आवाज केबिनपर्यंत आला.

"पळवा," सारिका म्हणाली. "नाना, आता पळवा."

नानांनी गिअर टाकला. आणि गाडीने, जी रांगायला हवी होती, तिने चढावर उसळी घेतली. तीस, चाळीस. मागे झिपरू कट्ट्यांवर आडवा पडला. त्याच्या हातातला कोयता ताडपत्रीत अडकला. उडी मारायची तर खाली डांबर पळत होतं. तो ओरडला, आणि खालून नवलने पिकअपचा वेग वाढवला; आपला माणूस गाडीबरोबर चाललाय हे त्याला दिसलं. हॉर्न वाजवत तो जवळ जवळ येत गेला.

सारिकाने आरशात पाहिलं आणि मग नानांकडे. त्यांचे डोळे आरशावर होते. रस्त्यावर नव्हते.

"नाना?"

त्यांनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला.

पंधरा टन डाळ पुढे सरकली. सारिका पुढच्या काचेवर आदळली. झिपरू कट्ट्यांवरून, केबिनच्या टपावरून घसरत समोरच्या डांबरावर पडला आणि दोन कोलांट्या खाऊन थांबला. त्याच वेळी मागे धाडकन आवाज झाला, ट्रक हादरला. पिकअप ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळून फिरली, एका अंगावर आडवी झाली आणि कठड्यापर्यंत घासत गेली.

नानांनी सीटखालून टामी काढली. टायर खोलायची, हातभर लांब लोखंडी पहार. ती तिथे आहे हे सारिकाला माहीत नव्हतं.

ती दाराला लटकत खाली उतरेपर्यंत ते झिपरूपाशी पोचले होते. झिपरू कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता. त्याच्या पायाचं हाड पँटमधून बाहेर आलं होतं. "नाना, आबा, ऐक," तो म्हणत होता, कुणाला म्हणत होता ते त्यालाही कळत नव्हतं. नानांनी टामी खांद्यावर घातली. हाड मोडलं. मग छातीवर.

"मना पोऱ्याले असाच मारा तू," नाना म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता. शेतात काम करताना बोलावं तसं बोलत होते. "असाच. असाच मारा ना?"

तिसऱ्यांदा टामी वर गेली तेव्हा डोक्यावर येणार होती. सारिकाने मागून त्यांचा हात धरला. त्यांनी झटका दिला, ती सुटली, पुन्हा आडवी आली आणि तिने तोंडासमोर हात धरला. घाव तिच्या मनगटावर बसला. काठी मोडावी तसा आवाज तिने स्वतःच ऐकला.

तेव्हा नाना थांबले. तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत उभे राहिले. टामी हातातून सुटली नाही, पण खाली आली.

आणि मग तिच्या कानात तो दुसरा आवाज शिरला. खरं तर तो पहिल्यापासून चालू होता. आडव्या पडलेल्या पिकअपचं इंजिन किंचाळत होतं. ॲक्सिलरेटरवर कोणाचा पाय नव्हता, तरी ते वेडं होऊन वर वर चढत होतं. मागून निळसर पांढऱ्या धुराचे लोट निघत होते. गाडी आडवी झाली की इंजिनातलं तेल हवेच्या नळीत उतरतं, आणि डिझेलचं इंजिन मग आपलंच तेल पिऊन पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. तेल संपेपर्यंत पळतं, नाहीतर फुटतं. आणि फुटलं की लोखंडाचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात.

केबिनमध्ये नवल अडकला होता. डॅशबोर्ड त्याच्या मांडीवर बसला होता. चावी त्याने केव्हाच बंद केली होती, ती हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा दाखवत होता, जणू कोणी तरी तेवढं बघून इंजिन थांबवेल. "बस," तो रडत होता. "पुरं. पुरं कर. मरी जासू मी."

सारिका पिकअपकडे वळली. तो आवाज तिने ऐकला होता. रात्र रात्र ऐकला होता. घाव थांबवणारा तो हाच होता. याने "पुरं" म्हटलं नसतं तर प्रेमराज आज खाटेवर अर्ध्या तोंडाने हसायलाही नसता. आणि कट्टे वेचायला पिकअप आणणाराही हाच होता.

"ऱ्हाऊ दे त्याले," नाना मागून म्हणाले. "जवळ नको जाऊ. फुटी ते."

ती गेली. झिपरूने फाडलेल्या ताडपत्रीचा तुकडा रस्त्यात पडला होता, तो तिने डाव्या हाताने उचलला. पिकअपचं बॉनेट धडकेने उघडंच पडलं होतं. उष्णता तोंडावर फेकली गेली, तेलाच्या जळक्या वासाने घसा धरला. एअर फिल्टरच्या डब्याकडून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी तिने शोधली, पायाने लाथ मारून ती सुटी केली. नळीचं तोंड हवा असं ओढत होतं की तिचा पदर आत खेचला गेला. तिने ताडपत्री चौघडी करून त्या तोंडावर दाबली आणि गुडघ्याने रेटली. मोडका हात लोंबत असताना सगळं अंग तिने त्या गुडघ्यावर टाकलं.

इंजिन आचके देऊ लागलं. गाडी थडथडली, एकदा जोरात खोकली, आणि थांबली.

एवढी शांतता झाली की डोंगरातल्या होल्याचं घुमणं ऐकू आलं.

"नाना," ती म्हणाली. "इकडे या. टामी आणा."

ते आले. टामी दाराच्या फटीत घालून त्यांनी दार उचकटलं. मग डॅशबोर्डखाली पहार घालून, डोळे मिटून, सगळी ताकद लावून तो वर उचलला, आणि सारिकाने नवलला काखेत धरून बाहेर ओढलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडलेला होता. नानांनी आपलं उपरणं काढून मांडीला आवळून बांधलं. गाठ मारून त्यांनी ती पुन्हा ओढून पाहिली.

गाडी पोचली नाही म्हणून जमादार जीप घेऊन आला तेव्हा झिपरू जिवंत होता. पिंपळनेरला नेता नेता वाटेत गेला.

सारिकाच्या मनगटात सळई घातली. नवलचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चोरी, मारहाण सगळं त्याने कबूल केलं; आणखी गाड्यांचंही सांगितलं. प्रेमराजला मारणारा झिपरू होता आणि आपण त्याला थांबवलं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सारिकाने सांगितलं.

नानांना अटक झाली. वकील शहाणा होता. "घाटात गुरं आडवी येतात," तो म्हणाला. "म्हणून ब्रेक मारला. पुढचं सगळं स्वसंरक्षण. सुनेने तेवढं म्हटलं की झालं."

नानांनी वकिलाकडे बघितलं. "गुरं नही व्हतात," ते म्हणाले. "आरशामा दखीसन ब्रेक मारा मी. टामी पहिलेच ठेयेल व्हती."

पोलिसांनी सारिकालाही विचारलं. तिनेही तेच सांगितलं. ती घरी आली तेव्हा वच्छलाबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं, पण बोलल्या नाहीत. बरेच दिवस बोलल्या नाहीत. प्रेमराजला भरवायला दोघी आळीपाळीने बसायच्या आणि एकमेकींना चमचा हातात द्यायच्या, तेवढंच. एका संध्याकाळी सारिकाला डाव्या हाताने वेणी घालता येईना, तेव्हा वच्छलाबाई मागे येऊन बसल्या आणि तिचे केस हातात घेतले. "निघाना टाइमले मी सांगाले पाहिजे व्हतं तुले," त्या म्हणाल्या. "त्यास्ना मनमा काय शे ते माले मालूम व्हतं." नंतर त्या खूप वेळ वेणी घालत राहिल्या, सोडत राहिल्या, पुन्हा घालत राहिल्या.

दवाखान्यात मनगट दाखवायला गेली तेव्हा कुंदाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली दिसली. आत नवलच्या खाटेशी पोलीस होता. सारिकाला वळून दुसऱ्या दाराने जाता आलं असतं. ती जवळ गेली. हाताच्या पट्टीवरून कुंदाबाईने तिला ओळखलं.

"तूच काढं त्याले बाहेर," कुंदाबाई म्हणाली.

"हो."

"डाळ घरमा ये. मी कदी नही विचारं कोठून उनी." कुंदाबाई थांबली. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती. "पोलिस आत जाऊ देत नही. तुनी ओळख शे का कोणाशी?"

सारिकाने जमादाराला फोन लावला. तो कुरकुरला, पण त्याने आतल्या शिपायाला निरोप दिला. कुंदाबाई भाकरी घेऊन आत गेली. सारिका तिची वाट बघत थांबली नाही. माफ केलं असं म्हणण्याइतकं तिचं मन मोठं झालं नव्हतं. घरी प्रेमराज होता. डावा हात उचलून त्याने त्या दिवशी स्वतः पाण्याचा पेला धरला होता.

ते सांगायला ती धुळ्याच्या तुरुंगात नानांच्या भेटीला गेली. जाळीपलीकडे नाना आले. वाळले होते, भुवया अचानक पांढऱ्या दिसत होत्या. त्यांनी आधी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"दुखस का?"

"थंडीत दुखेल म्हणतात डॉक्टर. आता नाही." मग तिने हसून सांगितलं, "नाना, यांनी पेला धरला काल. सांडलं नाही."

नानांचा चेहरा हलला. त्यांनी जाळीला बोटं घातली. भेटीची वेळ संपत आली, शिपाई जवळ येऊन उभा राहिला.

"पोऱ्या कसा शे?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना. पेला धरला—"

"प्रेमराज नही. तो. कुंदाबाईना."

"पाय गेला," ती म्हणाली. "गुडघ्याखालचा. जखम भरतेय. आई रोज भाकरी घेऊन जाते."

नानांनी मान हलवली. अजून काही विचारायचं होतं असं वाटलं, पण शिपायाने हात लावला आणि ते वळले. सारिका बाहेर आली. रस्त्यावर एक जुनी गाडी काळा धूर सोडत गेली. तिने नाकाला पदर लावला आणि वर्कशॉपकडे चालायला लागली. मालकाने निरोप पाठवला होता की एक गाडी आल्यापासून तशीच पडून आहे, दुसऱ्या कोणाला तिचा दिवा विझवता येत नाही, आणि एका हाताने जमेल तेवढंच बघ, पण ये.